ललितकलादर्शाची पदे : खानदेशच्या श्रोत्यांसाठी एक निवड

धुळ्याहून सुरतेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, कान नदीच्या काठी, साक्री हे तालुक्याचे गाव वसले आहे. धुळे शहरास चाळीसगावहून रेल्वेची शाखा १९०० साली आली. त्याच सुमारास तापी खोऱ्यातून सुरत ते अमळनेर हा लोहमार्गही पुरा झाला आणि नंदुरबार, दोंडाईचे ही गावे आगगाडीच्या वाटेवर आली. साक्री मात्र या दोन्ही मार्गांच्या मधल्या पट्ट्यात राहिली, ती आजतागायत तशीच आहे. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. जुन्या संगीत नाटक मंडळीचा संसार म्हणजे एक चालते-फिरते गावच असे. नट, साथीदार, पडदे रंगविणारे, शिंपी, न्हावी, आचारी, त्यांच्या जोडीस पडद्यांच्या लांबलचक गुंडाळ्या, दागिन्यांच्या पेट्या, ऑर्गन आणि स्वयंपाकाची भांडी. एवढा पसारा बैलगाड्यांवर लादून घाट चढविणे कोणत्याही मालकास परवडणारे नव्हते. म्हणून जिकडे आगगाडी तिकडे नाटक, असाच त्या काळचा शिरस्ता होता.

तेव्हा साक्रीसारख्या गावी नाट्यपद जे पोहोचले, ते बहुतांशी नटाच्या पायांनी पोहोचले नाही. ते पोहोचले चावीच्या फोनोवरून, भजनी मंडळांनी उचललेल्या चालींवरून आणि पुढे रेडिओवरून. गावास स्वतःचे गाणे नव्हते असे मात्र कोणी समजू नये. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी अहिराणी गाणी, कानबाईची गाणी, आणि तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर घुमणारी पावरी, हे या मातीचे संगीत. त्यास ना तिकीट लागे ना पडदा. नाट्यपद हे बाहेरून आलेले पाहुणे. पण पाहुणा असा काही रमला की घरचाच झाला.

ज्या मंडळींच्या पदांनी हे घडवून आणले, त्यांत एकीचे आयुष्य इतरांपेक्षा फार लांबले. किर्लोस्कर मंडळी गेली, गंधर्व मंडळी गेली, बलवंत मंडळी गेली. ‘ललितकलादर्श’ ही संस्था मात्र शंभरी ओलांडून उभी राहिली. तीन पिढ्यांनी ती चालविली आणि प्रत्येक पिढीत तिच्या गाण्याचा बाज पालटला. या दीर्घ आयुष्यातून कोणती पदे वेचून ऐकावीत, आणि कोणत्या क्रमाने, हा प्रश्न आजच्या श्रोत्यास पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर त्या संस्थेच्या इतिहासाशी इतके जखडलेले आहे की इतिहास सोडून नुसती निवड सांगण्यात अर्थ नाही.

ललितकलादर्शाची स्थापना १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे झाली. संस्थापक केशवराव भोसले यांचे वय त्या दिवशी अवघे सतरा वर्षांचे होते. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा पितृछत्र लवकर हरपल्यामुळे अगदी लहानपणीच जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाला होता. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्याशी लग्न लावून देण्यात येणाऱ्या कोवळ्या मुलीची ती कहाणी. तीत शारदेची भूमिका करून केशवरावांनी बालवयातच लौकिक मिळविला. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा तो काळ होता. जपानातही १६२९ साली बायकांना रंगमंचावर बंदी झाल्यापासून काबुकी नाटकांत पुरुषच स्त्री होऊन उभे राहत आले आहेत, आणि तिकडे नटाचे नावच बापाकडून मुलाकडे वारशाने जाते. मराठी मंडळींत नावाचा वारसा नव्हता. येथे वारसा चाले तो पदांचा.

हे पद म्हणजे नेमके काय, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पात्रे स्वतःच गाऊ लागली. तत्पूर्वी सूत्रधार गाई आणि पात्रे हावभाव करीत. किर्लोस्करांची पदे साकी, दिंडी, अंजनीगीत, लावणी यांच्या घरगुती चालींवर बेतलेली होती. कथा पुढे नेणे हे त्यांचे काम. पुढे १९११ साली काकासाहेब खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. त्यास गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या आणि पदाचा सारा नूर पालटला. कथा थांबली तरी चालेल, पण तान थांबता कामा नये, असे प्रेक्षकांस वाटू लागले. ‘वन्समोर’ची साथ पसरली. एकच पद चार चार वेळा म्हणवून घेऊन मध्यरात्र उलटवणारा प्रेक्षक हा त्या काळच्या नाटकाचा आश्रयदाता होता आणि वैरीही होता.

केशवराव भोसले याच वाऱ्यावर वर आले. त्यांचा आवाज उंच, टोकदार आणि दमदार होता, तान चपळ होती, आणि शेवटच्या पायरीवरील प्रेक्षकासही शब्द स्पष्ट ऐकू जावा असा त्यांचा आग्रह असे. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या दिवसांत हा गुण केवळ शोभेचा नव्हता, त्यावर पोट अवलंबून होते. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नाटकात ते मृणालिनी झाले. स्त्रीभूमिकेतील लाजणे-मुरडणे बाजूस सारून तेजस्वी, प्रसंगी त्वेषाने पेटणारी स्त्री त्यांनी उभी केली. नाजूक स्त्रीपात्रांच्या गाण्यास सरावलेल्या प्रेक्षकांस हे नवे होते. ललितकलादर्शाच्या गाण्यातील जी एक तडफ पुढील पिढ्यांतही टिकली, तिचा उगम या भूमिकेच्या पदांत शोधावा लागतो. निवडीत पहिले स्थान त्यांस द्यावयास हवे. ही पदे पुढील गायकांच्या तोंडून ऐकावी लागली तरी हरकत नाही. चालीची धार अशी आहे की मध्यम प्रतीचा गायकही ती पुरती बोथट करू शकत नाही.

केशवरावांनी आणखी एक गोष्ट केली, तिचे श्रेय त्यांना पुरेसे मिळत नाही. गाण्यावर नाटक तरून जात असताना त्यांनी नव्या, सामाजिक विषयावरील नाटकांत हात घातला. भार्गवराम ऊर्फ मामा वरेरकर यांचे हुंड्याच्या चालीवर कोरडा ओढणारे ‘हाच मुलाचा बाप’, आणि धर्मांतराचा प्रश्न हाताळणारे ‘संन्याशाचा संसार’ हे १९१९ सालचे नाटक, ही दोन्ही त्यांच्याच मंडळीने केली. पौराणिक राजा गातो हे कोणास खटकत नाही. पण हुंड्याचा आकडा ठरविण्यास बसलेला गृहस्थ एकाएकी तान घेऊ लागला तर? हा प्रश्न त्या वेळी विनोदाचा होता. पुढे त्यानेच मंडळीस घडविले.

८ जुलै १९२१ हा दिवस मराठी नाट्यरसिकांच्या घराघरांत कथेसारखा सांगितला जातो. त्या दिवशी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांनी मिळून ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. खानदेशास या प्रयोगात थोडा आपलेपणा वाटावा असे एक कारण आहे: नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या बालपणीच्या शिक्षणाचा काही काळ जळगावी गेला होता. दोन मंडळ्यांमधील चढाओढ एवढी तीव्र होती की त्यांचे चाहतेही परस्परांत वाद घालीत. अशा दोघा नटांनी एका रंगमंचावर, एका राष्ट्रीय कार्यासाठी उभे राहावे याचे लोकांस अप्रूप वाटले. त्या रात्री कोण सरस ठरले याचा काथ्याकूट शतक लोटले तरी संपलेला नाही, आणि तो संपविण्याची गरजही नाही. दोघांच्या गाण्याची जातच निराळी. बालगंधर्वांचा स्वर ऐकणाऱ्याच्या जवळ येऊन बसतो. केशवरावांचा स्वर ऐकणाऱ्यास उठवून उभे करतो. धैर्यधर हा सेनापती आहे, त्याची पदे दुसऱ्या जातीच्या गळ्यासाठीच आहेत.

त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचा अंत झाला. वय एकतीस वर्षांचे.

ज्या मंडळीचा संस्थापक, मालक आणि प्रमुख गायक हे तिघेही एकाच दिवशी नाहीसे होतात, तिने बंद पडावे हाच जगाचा नियम. किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व बाहेर पडल्यावर तिची जी दशा झाली ती सर्वांसमोर होती. ललितकलादर्शाची धुरा आली व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर यांच्या खांद्यावर. त्यांना केशवरावांचा गळा नव्हता, आणि हे त्यांना स्वतःस चांगले ठाऊक होते. केशवरावांची नक्कल करून दोन-चार वर्षे धंदा चालला असता. बापूरावांनी तो मार्ग न धरता वरेरकरांकडून नवी नाटके लिहवून घेतली. १९२२ साली ‘सत्तेचे गुलाम’, १९२३ साली अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील ‘तुरुंगाच्या दारात’, आणि पुढे १९३२ साली गिरणीमालक व कामगार यांच्या झगड्यावरील ‘सोन्याचा कळस’. रंगमंचावर रंगविलेल्या पडद्यांऐवजी भिंती, दारे, खिडक्या असलेली खरीखुरी खोली उभी करण्याचे काम पु. श्री. काळे यांच्यासारख्या कुशल चित्रकाराने केले. असहकाराच्या चळवळीचे वारे ज्या दिवाणखान्यात शिरले आहे, तेथे बसून नायकाने गावयाचे होते.

आणि येथेच बापूरावांच्या पदांचे खरे मोल आहे. त्यांना या पदांसाठी लाभलेले गुरू होते रामकृष्णबुवा वझे. वझेबुवा ग्वाल्हेर परंपरेचे, अप्रसिद्ध रागांचा मोठा साठा बाळगणारे आणि लयीशी झुंज घेणारे गवई. १९४५ साली त्यांचा देहान्त झाला. अशा गवयाने नाटकाच्या पदास चाल द्यावी म्हणजे पदाची मैफल होऊन बसण्याची धास्ती. पण बापूरावांच्या तोंडी ती पदे आटोपशीर राहिली. शब्दावर घाव पडावा तशी लय, तानेचा एखाददुसरा झपाटा, आणि लगेच पुन्हा संवाद. ज्यांना नाट्यसंगीत म्हणजे केवळ लांबच लांब आलापी वाटते, त्यांनी ‘सत्तेचे गुलाम’ नाटकातील बापूरावांची पदे प्रथम ऐकावीत. बहुतेक निवडींत त्यांस मागची जागा मिळते. वास्तविक ललितकलादर्शाच्या सर्व पदांत नाटकाशी इमान राखणारी पदे हीच होत.

या आटोपशीरपणास तबकडीचाही हातभार लागला असला पाहिजे. दहा इंची जुन्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटे, फार तर थोडे अधिक, एवढेच गाणे मावे. रंगमंचावर वीस मिनिटे रंगणारे पद तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे स्थायी, अंतरा, दोन ताना आणि समेवर येऊन मोकळे व्हायचे. तबकडी वाजविण्यास वीज लागत नसे. फोनोला चावी दिली, सुई बदलली, की गाणे सुरू. म्हणूनच आगगाडी जेथे गेली नाही आणि विजेची तार जेथे फार उशिरा पोहोचली, तेथेही पद पोहोचले. पण ते पोहोचले तीन मिनिटांचे होऊन. साक्रीच्या ओट्यावर फोनोभोवती जमणाऱ्या श्रोत्याने ना दिवाणखान्याचा देखावा पाहिला, ना ‘वन्समोर’ची आरोळी ऐकली. त्याच्यापुढे नाटक नव्हते, केवळ पद होते. धुळ्याच्या प्रेक्षकापेक्षा तो वंचित खरा. पण एकच तबकडी पंधरा वेळा ऐकून चालीतील खाचाखोचा पाठ करणाऱ्या त्याच्या कानास एक निराळी तालीम मिळाली, हेही विसरून चालणार नाही. भजनी मंडळांनी याच चाली अभंगांना लावल्या. नाटक न पाहताच नाटकाची चाल ओठी बसलेले लोक महाराष्ट्रात हजारोंनी होते.

१९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांच्या पायाखालची वाळू सरकू लागली. चार आण्यांत गाणारी, बोलणारी, हलणारी चित्रे दिसू लागल्यावर रात्रभराचे नाटक कोण पाहणार! थिएटरे एकामागून एक चित्रपटगृहे झाली. नट स्टुडिओकडे वळले. १५ मार्च १९३७ रोजी बापूराव पेंढारकर निवर्तले आणि ललितकलादर्श थांबली. त्या वेळी त्यांचा मुलगा भालचंद्र पंधरा वर्षांचा होता.

पाच वर्षांनी, १९४२ साली, या मुलाने संस्था पुन्हा उभी केली, आणि तीही ‘सत्तेचे गुलाम’ याच नाटकाने. देशात ‘चले जाव’चे वर्ष, जगात महायुद्ध आणि रंगभूमीवर दुष्काळ. अशा वेळी जुने नाटक घेऊन पुढे येणे यास धाडस म्हणावे की हट्ट? व्यवहारी माणूस हट्टच म्हणेल. भालचंद्र पेंढारकर यांनीही रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गाण्याचे शिक्षण घेतले होते. बापाची पदे मुलाच्या कंठी आली ती अशी, एकाच गुरूच्या हातून दोनदा घडून.

तरीही जुन्या पदांवर संस्था जगली नाही. तिला दुसरा जन्म मिळाला तो १९५७ साली, बाळ कोल्हटकरांच्या ‘दुरितांचे तिमिर जावो’ या नाटकाने. ज्ञानदेवांच्या पसायदानातील शब्द शीर्षकास घेतलेले हे कौटुंबिक नाटक टीकाकारांस भाबडे वाटले आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. त्यातील दिगूच्या भूमिकेत भालचंद्र पेंढारकर गायले. आईच्या आठवणीने व्याकुळ होऊन म्हटलेले त्यातील पद मराठी घरांत इतके परिचित झाले की ते नाटकातील आहे याचाही पुष्कळांस विसर पडला. शास्त्रोक्त गाण्याच्या अभिमान्यांनी त्याकडे थोडे तुच्छतेने पाहिले. हा अन्याय होय. पदात अवघड असे काही नाही हे खरे, परंतु ज्या गळ्याने वझेबुवांची तालीम घेतली त्याने एकही अनावश्यक तान न घेता ते पद म्हणावे, यातील संयम अवघडच आहे. श्रोत्यांनी बापूरावांच्या पदानंतर लागलीच हे ऐकून पाहावे. बापलेकांमधील नाते आवाजापेक्षा या संयमात अधिक स्पष्ट कळते.

१९६० साली विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ आले. सतराव्या शतकात शहाजहानच्या दरबारी ‘पंडितराज’ ही पदवी मिळविणारा, ‘रसगंगाधर’ आणि ‘गंगालहरी’ यांचा कर्ता असलेला हा कवी. लवंगी नावाच्या यवनीशी त्याच्या प्रेमाची आणि काशीच्या पंडितांनी टाकलेल्या बहिष्काराची दंतकथा सर्वश्रुत आहे. घाटावर बसून त्याने एकेक श्लोक म्हणावा आणि गंगेने एकेक पायरी वर चढावे, असे बावन्न पायऱ्यांचे ते आख्यान. नाटकास संगीत दिले वसंत देसाई यांनी. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ या बोलपटांचे हे संगीतकार. ज्या बोलपटाने १९३७ साली मंडळीस खाली बसविले, त्याच बोलपटाच्या कलेत मुरलेला माणूस तेवीस वर्षांनी तिच्या मदतीस धावला. दैवगतीची ही उलटापालट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्रपटाने देसाईंना थोडक्यात रंग भरण्याची कला शिकविली होती, आणि शास्त्रीय संगीत त्यांच्या अंगी होतेच. या नाटकातील गंगास्तुती प्रसाद सावकार यांच्या आवाजात ऐकावी. ते पद पाण्यासारखेच खालच्या स्वरांतून हळूहळू भरत वर येते. संपूर्ण निवडीतून एकच पद ठेवण्याची पाळी आली, तर पुष्कळ जाणते याच पदावर बोट ठेवतील.

१९६६ साली त्याच लेखक-संगीतकारांच्या जोडीचे ‘जय जय गौरीशंकर’ आले आणि संस्थेच्या यशाचा कळस झाला. प्रयोगांमागून प्रयोग होत गेले. मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या नाटकाच्या लोकप्रियतेबरोबर १९२० पूर्वीचा तो जुना रोग पुन्हा डोके वर काढू लागला. शिव-पार्वतीच्या कथेत गाण्यास मोकळे रान मिळाले, टाळ्यांसाठी ताना लांबल्या, आणि वरेरकरांच्या दिवाणखान्यात जो संयम कमावला होता तो कैलासावर हरवला. पदे सुंदर आहेत यात शंका नाही. त्यांतील नारायणाच्या स्तुतीचे पद तर अवीट आहे. पण प्रयोगातील लांबविलेल्या गायनापेक्षा तबकडीवरील आटोपशीर गायनच श्रेष्ठ आहे. खानदेशच्या श्रोत्यास त्याच्या दूरपणाचा असा लाभ क्वचितच झाला असेल.

हा दूरपणाही हळूहळू मिटत गेला. मुंबईस १९२७ साली नभोवाणी सुरू झाली होती, पुण्यास १९५३ साली केंद्र झाले, आणि जळगावास १९७६ साली आकाशवाणी केंद्र आले. तेव्हापासून साक्री, पिंपळनेर, दहिवेलच्या श्रोत्यास नाट्यपद ऐकण्यासाठी मुंबई-पुण्याच्या खरखरत्या लहरींवर विसंबून राहण्याचे कारण उरले नाही. नभोवाणीनेही पद तीन-चार मिनिटांचेच ठेवले. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात बापूराव आणि भालचंद्र, केशवरावांच्या चाली आणि देसाईंच्या चाली, कालक्रम मोडून एकामागून एक येऊ लागल्या. ऐकणाऱ्याच्या मनात त्यामुळे साठ वर्षे एकवटली. हा गोंधळ सुखद असला तरी गोंधळच आहे, आणि तो सोडविण्यासाठीच क्रमाने ऐकणे बरे.

तो क्रम असा धरावा. आरंभी धैर्यधराची पदे, म्हणजे पल्लेदार गायकीची ओळख होईल. मग मृणालिनीची. त्यानंतर ‘सत्तेचे गुलाम’मधील बापूराव, आणि जुन्या तबकडीची खरखर सहन होत नसेल तर भालचंद्रांनी म्हटलेली तीच पदे. मग दिगूचे पद. मग गंगास्तुती. ‘जय जय गौरीशंकर’ सर्वांच्या शेवटी, कारण त्यातील वैभव आधी ऐकले तर मागील सारे रुक्ष वाटण्याचा संभव असतो. एका बैठकीत हे ऐकू नये. दिवसास एक नाटक पुरे.

केशवरावांच्या स्मृतीवर अलीकडे एक आघात झाला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले, १९१५ साली पुरे झालेले पॅलेस थिएटर पुढे त्यांच्याच नावाने केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. वास्तू पुन्हा बांधता येते. कोल्हापूरकरांनी लागलीच ती मागणी केली. जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ याच नावाचा मराठी चित्रपट झळकला, आणि धैर्यधर-भामिनी ही नावे ज्यांच्या कानांवर कधी पडली नव्हती अशा तरुणांपर्यंत ती गेली. नाटकाने बोलपटापुढे हार खाल्ली, असे जे १९३७ साली म्हटले जात होते, त्यावर यापेक्षा मार्मिक उत्तर कोणते?

भालचंद्र पेंढारकर ११ ऑगस्ट २०१५ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत वारले. संस्थेचा कारभार त्यांचे पुत्र ज्ञानेश पेंढारकर यांच्याकडे आला. रसिकांस गायक म्हणून ठाऊक असलेल्या या माणसाने उत्तरायुष्यात एक काम चिकाटीने केले: गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंदिरात होणाऱ्या नाटकांचे ध्वनिमुद्रण. आपल्याच नव्हे, इतर संस्थांच्या नाटकांचेही. वर्षानुवर्षे त्यांनी फितींचा मोठा संग्रह जमविला आणि पुढे तो नव्या तंत्राने उतरवून घेण्याचाही उद्योग केला. तबकडीतून जे गळून पडले होते ते या फितींत आहे: पदाच्या आधीचा संवाद, ऑर्गनवरचा पहिला सूर, पद संपताच उठणारी दाद, आणि दुसऱ्यांदा तीच ओळ उचलण्यापूर्वी नटाने घेतलेला श्वास.